कासवाची खोली

१२ जानेवारी

ताई,

नमस्कार-चमत्कार राहू दे. आधी मला सांग, माझं मागचं पत्र तू वाचलंस का? त्यात एकच गोष्ट विचारली होती. बाबांना काही महिने तुझ्याकडे नेशील का? त्याला उत्तर 'हो' असतं, 'नाही' असतं, फार तर 'बघू' असतं. तू पाठवलंस कासव!

काल सकाळी तुझ्या दुकानाच्या चष्म्यांच्या फ्रेमा पोचवणारा माणूस दारात उभा. हातात खोकं, वर भोकं पाडलेली आणि तुझ्या अक्षरात 'उलटं करू नये'. मी आपला खुशीत, म्हटलं ताईनं बाबांना काहीतरी चांगलंचुंगलं पाठवलं. उघडलं तर आत वाळलं गवत आणि गवतात दगड. त्या दगडानं मान बाहेर काढली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मीच न सांगता आलोय. ही मागे सरकत सरकत थेट सोफ्यावर चढली. बाबा आतून ओरडले, "आणखी कोण राहायला आलं?"

मग तुझी चिठ्ठी वाचली. 'बाबांना दिवसभर सोबत होईल.' वा! सोबत! अगं, ते बोलतं का? चहा करून देतं का? बाबा पडले तर मला फोन लावणार आहे का ते?

फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला एकमेकांवर ओरडतो म्हणून पत्रं लिहायची, ही तुझीच अट. तेव्हा पुन्हा लिहितो, नीट वाच. मी सकाळी वर्कशॉपला जातो आणि लोकांची कपाटं, टेबलं पॉलिश करत संध्याकाळपर्यंत उभा असतो. ही दवाखान्याच्या काउंटरवर. घरात बाबा एकटे. मागच्या महिन्यात त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि आमच्या इमारतीच्या लिफ्टचा आवाज बरोबर येत नाही म्हणून जिन्यात जाऊन कान लावून बसले. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता रिटायर होऊनही कान काही रिटायर होत नाही. दूध जळलं, भांडं जळलं, खिडकीचा पडदा पेटायचा तेवढा राहिला. शेजारीण धावली म्हणून घर उरलं. तेव्हापासून मी जाताना बाहेरून कुलूप लावतो. मला काय हौस आहे का स्वतःच्या बापाला कोंडायची? रोज किल्ली फिरवताना जीव खालीवर होतो.

तेव्हा कासव-बिसव पुरे. बाबांना नेतेस की नाही?

तुझा वैतागलेला,
बारक्या

२१ जानेवारी

बारक्या,

काय रे ही भाषा? 'कासव-बिसव'? मी ते किती विचार करून निवडलंय, कल्पना तरी आहे का तुला? कुत्रा म्हटलं तर त्याला फिरवणार कोण, तुम्ही तर दाराला कुलूप लावता. मांजर पायात येतं, बाबा धडपडले तर? पोपट ठेवला तर बाबांच्या दुपारच्या झोपेचं वाटोळं. कासव भुंकत नाही, केस गाळत नाही, पायात घोटाळत नाही. प्राण्यांच्या दुकानदारानं आधी एक सुंदर ठिपक्यांचं काढून दिलं. हातात घेतलं तर रिकाम्या डबीसारखं हलकं, डोळे चिकटलेले, नाक वाहतंय. मला काय दुधखुळी समजला? रोज लोकांच्या डोळ्यांत बघून चष्मे विकते मी. म्हटलं, हे आजारी आहे, दुसरं काढा. दुसरं चांगलं जड लागलं, डोळे लख्ख, नाक कोरडं, आणि पायाला बोट लावताच पाय असा खसकन आत ओढला की म्हटलं हेच. अगदी बाबांच्या स्वभावाचं आहे.

आता नीट वाच. हे जमिनीवरचं कासव आहे, पाण्यातलं नाही. त्याला फिरायला मोकळी जागा लागते. एका कोपऱ्यात मी पाठवलेला दिवा लाव, त्यात उन्हासारखे किरण असतात, त्याखाली ते शेकत बसेल. दुसरा कोपरा गार ठेव, म्हणजे नकोसं झालं की उठून जाईल. खायला गवत, हिरवा पाला, जास्वंदीची पानं, आणि अधूनमधून कॅल्शियमची चिमूटभर पूड. पाणी उथळ ताटलीत. जमेल तेव्हा गच्चीवर खऱ्या उन्हात ने. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्याच्या कामाचं नाही.

बाबांचं म्हणशील तर तुला सगळं ठाऊक आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन खोल्यांचं घर, त्यातली लहान खोली फ्रेमांच्या खोक्यांनी छतापर्यंत भरलेली. दुकान मी एकटी बघते. बाबांना ठेवू कुठे, शोकेसमध्ये? तू त्यांचा मुलगा आहेस, तुझ्याकडे ते सुखात आहेत. आता तर सोबतही आहे.

ताई

८ फेब्रुवारी

ताई,

उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातं! मोकळी जागा दे म्हणे. इथे आम्ही तिघं एकमेकांच्या कोपरांना धडकत राहतो. एका गिऱ्हाइकानं टाकून दिलेली माशांची काचेची पेटी आणली आणि त्यात ठेवलंय तुझं ध्यान. दिव्यासाठी लाकडी स्टँड मी स्वतः बनवलं, तेवढं तरी कौतुक कर. ते मात्र दिवसभर काचेला तोंड लावून एकाच कोपऱ्यात पाय मारत असतं. खर्र, खर्र, खर्र. कुठे जायचंय त्याला देव जाणे. ही दुधात पाव कुस्करून देते ते मिटक्या मारत खातं, तुझ्या गवताकडे ढुंकून बघत नाही.

बाबा आधी त्याच्याकडे पाठ करूनच बसायचे. मग एका संध्याकाळी मी घरी आलो तर पेटी रिकामी आणि बाबा जमिनीवर पालथे, डोकं कपाटाखाली. वाटलं, पडले! तर म्हणतात, "श्श, इन्स्पेक्टर तपासणीला गेलेत." लिफ्ट तपासायला येणारे साहेब असेच यायचे म्हणे. सावकाश चालायचे, प्रत्येक कोपऱ्यात मान घालायचे, तोंडातून शब्द काढायचे नाहीत आणि जाताना घाण करून जायचे. तेव्हापासून कासवाचं नाव इन्स्पेक्टर. बाबा पोट धरून हसत होते. ते मला हसताना दिसले हे मी कबूल करतो, पण म्हणून तू जिंकलीस असं समजू नकोस.

कारण एक वाक्य तू बरोबर गिळलंस. मी लिहिलं होतं की मी बापाला बाहेरून कुलूप लावतो. त्यावर तू काय म्हणालीस? 'तुम्ही तर दाराला कुलूप लावता.' तेसुद्धा जाता जाता, कुत्रा का घेतला नाही ते सांगताना! मला वाटलं होतं तू आगपाखड करशील, निदान एक ओळ तरी लिहिशील. मी वाट बघत होतो.

बारक्या

१६ फेब्रुवारी

बारक्या,

काचेची पेटी! लाज कशी वाटली नाही तुला? त्याला काच कळत नाही. पलीकडची जागा दिसते आणि जाता येत नाही, म्हणून पाय मारत बसतं ते. हा छळ आहे, छळ! मुक्या जिवाला कोंडून ठेवायचं आणि वर 'कुठे जायचंय देव जाणे' म्हणायचं? आजच्या आज बाहेर काढ. जमिनीवर बुटकी लाकडी चौकट कर, आणि रोज थोडा वेळ घरभर फिरू दे. दिवसभर लाकडात हात असतात तुझे, चार फळ्या ठोकता येत नाहीत?

आणि दूध-पाव? ते काय पाळण्यातलं बाळ आहे? त्याला दूध पचत नाही, पोट बिघडून जीव जाईल त्याचा. बायकोला नीट समजावून सांग. मी सांगितलं की तिला लागतं.

बाबांना तसं जमिनीवर झोपू देऊ नकोस, गुडघे धरतील. बाकी ते रमलेत हे वाचून बरं वाटलं. मी म्हटलं नव्हतं?

ताई

११ मार्च

ताई,

फोटो जोडलाय. बघ आणि गप्प बस.

पेटी गेली. चौकट केली, कोपरे घासून गोल केले, म्हणजे त्याला लागायला नको. दूध-पाव बंद. पहिले काही दिवस रुसला, मग मुकाट्यानं गवत खायला लागला. काल बाबांचा वाढदिवस होता. म्हटलं, त्यांचा सगळा जीव त्या इन्स्पेक्टरमध्ये, तर त्यालाच सजवू. पाठ किती सुरेख आहे त्याची, जवळून बघितलीस का कधी? लाकडात असतात तशी एकात एक वर्तुळं. पण सगळं धुळकट, निस्तेज. अशी वस्तू समोर आली की माझे हात शिवशिवतात. वर्कशॉपमधून लाखेचं पॉलिश आणलं, मलमलीचा बोळा केला आणि बाबा दुपारी झोपले होते तेव्हा दोन हात मारले. पहिला पातळ, तो वाळू दिला, मग दुसरा. आता बघ, त्यात तोंड दिसेल तुझं!

बाबा उठले, बघितलं. केकला हात लावला नाही. रात्री जेवतानाही तोंड फिरवून. "आवडलं नाही का?" विचारलं तर ताटावरून उठले. सांग आता, माणसानं करायचं तरी काय? तू तरी चांगलं म्हण.

बारक्या

१७ मार्च

बारक्या,

तुझा फोटो बघितला आणि समोरचं गिऱ्हाईक तसंच सोडून उठले. तुला फोन लावला तर 'कामात आहे, नंतर' म्हणून ठेवून दिलास. घरचा फोन कुणी उचलत नाही. म्हणून हे पत्र फ्रेमा पोचवणाऱ्या त्याच माणसाच्या हाती आत्ताच्या आत्ता पाठवते आहे.

अरे मूर्खा, ते टेबल आहे का? ती पाठ जिवंत आहे. आत हाड आहे, तिथे हात लावलेला त्याला कळतो. तुझ्या त्या पॉलिशमधलं स्पिरिट अंगात मुरलं तर? त्या वासानं तर माणसाचं डोकं उठतं, त्या एवढ्याशा जिवाचं काय होत असेल? पत्र वाचलंस की तसाच उठ आणि प्राण्यांच्या डॉक्टरकडे ने. स्पिरिटनं पुसायला जाऊ नकोस. पॉलिशपेपर घासायला तर मुळीच जाऊ नकोस, तुझी अक्कल मला माहीत आहे!

आणि यापुढे ते तुझ्याकडे राहणार नाही. डॉक्टरनं बघितलं की सरळ माझ्याकडे पाठव. लहान खोली मी रिकामी केली आहे. कालच माणसं लावून सगळी खोकी दुकानाच्या पोटमाळ्यावर टाकली. खिडकी उघडली की सकाळचं ऊन थेट जमिनीवर येतं. दुपारी दुकान बंद ठेवून घरी येत जाईन, तसंही त्या वेळी गिऱ्हाईक नसतं. त्याला दिवसभर कुणीतरी जवळ लागतं. असं एकटं टाकून चालत नाही. तुला हे कळत नसेल तर मला कळतं.

ताई

२६ मार्च

ताई,

आधी त्याची तब्येत सांगतो. इन्स्पेक्टरनं खाणं सोडलं होतं, डोळे मिटून पडून असायचा. डॉक्टरकडे नेला. त्यानं मला सगळ्या बायाबापड्यांसमोर असा झाडला की जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. निघेल तेवढा थर त्यानं हळूहळू काढला. उरलेलं बाबा काढतायत, रोज कोमट पाणी आणि मऊ ब्रश घेऊन. मला जवळ फिरकू देत नाहीत. परवा त्यानं बाबांच्या हातातून जास्वंदीचं पान हिसकावून घेतलं. वाचला. चूक माझी होती, शंभर टक्के माझी.

आता तू ऐक.

कासवाला खोली आहे!

मी तुझं पत्र हातात घेऊन घरभर फिरत होतो, ही म्हणाली अहो बसा, बीपी वाढेल. जानेवारीत खोली छतापर्यंत भरलेली होती ना? बाबांना शोकेसमध्ये ठेवू का म्हणून विचारत होतीस ना? मग कासव आजारी पडल्यावर एका दिवसात खोकी पोटमाळ्यावर कशी गेली? तो पोटमाळा जानेवारीत कुठे गेला होता? दुकान एकटी बघते म्हणून वेळ नव्हता, आता दुपारी बंद ठेवणार? आणि तो तिसरा मजला, कासव काय उड्या मारत चढणार आहे?

'त्याला दिवसभर कुणीतरी जवळ लागतं. असं एकटं टाकून चालत नाही.' हे तू लिहिलंस, ताई. आपल्या बापाबद्दल नाही, कासवाबद्दल! दिवा कसा लावायचा, पाणी कुठल्या ताटलीत द्यायचं, गच्चीवर कधी न्यायचं, सगळं लिहिलंस. बाबा काय खातात, त्यांना ऊन मिळतं का, एकदा विचारलंस? काचेच्या पेटीला छळ म्हणालीस. कुलपाला काय म्हणतेस? मला लाज नाही म्हण, शिव्या घाल, मी खाली मान घालून ऐकेन. पण बाबांवरून घाल ना! रोज ते कुलूप लावून मी जिना उतरतो तेव्हा मलाच माझी किळस येते, आणि त्यावर बोलायला मला दुसरं आहे कोण?

कासव पाठवणार नाही. खोली आहे तर माणूस ने.

बारक्या

२९ एप्रिल

बारक्या,

महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण लिहीत होते आणि फाडत होते.

हो, खोटं बोलले. जानेवारीत पोटमाळा जागच्या जागीच होता. आता ती खोली कुणाची होती तेही ऐक. आई गेली त्या वर्षी मी ती बाबांसाठी लावली होती. भिंतींना रंग दिला, नवा पलंग घेतला, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली. मग बाबांना फोन केला, या म्हटलं. तर काय म्हणाले माहीत आहे? "मला मुलगा आहे." आणि फोन ठेवला.

मुलगा आहे! मग मी कोण, रस्त्यात सापडलेली? तू रांगत होतास तेव्हा अवजारांची पिशवी धरून त्यांच्यामागे लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत मी जायचे. ग्रीसनं फ्रॉक माखायचा आणि आई मला रागवायची, त्यांना नाही. पाना कुठला, पक्कड कुठली, हात पुढे केला की मी बरोबर ते ठेवायचे हातात. आणि म्हातारपणी मुलगा आहे! म्हटलं, असू दे. पलंग देऊन टाकला आणि खोकी भरली. दहा वर्षं त्या खोलीचं दार उघडलं की कानात तेच वाजतं. आणि आता त्यांच्या त्या मुलाला बाप जड झाला, तेव्हा सगळ्यांना ताई आठवली. मला नाही जमलं 'हो' म्हणायला. गळ्यापर्यंत राग भरला होता.

कासव का पाठवलं? मला त्यांना काहीतरी द्यायचं होतं आणि स्वतःहून पुन्हा बोलवायचं नव्हतं. पुन्हा 'नाही' ऐकायची ताकद नाही रे माझ्यात. कुलपाचं तू लिहिलंस तेव्हा मी दुकानातच रडले होते. पण त्यावर एक ओळ लिहिली असती तर पुढे 'घेऊन ये त्यांना' असंच लिहावं लागलं असतं. झालं समाधान?

हे पत्र बाबांना दाखवू नकोस. तुला आईची शपथ आहे.

ताई

६ मे

दोघांना,

एकच पत्र दोनदा लिहिलं आहे. एक बारक्याच्या टेबलावर ठेवतो आणि एक शेजारणीकडे खिडकीतून देतो, ती पोस्टात टाकेल. बारक्याकडे दिलं तर पोचेल पावसाळ्यात.

शपथ त्याला घातली होतीस, मला नाही. पोस्टमन पत्रं दाराखालून सरकवतो, आणि दाराच्या आत दिवसभर असतो कोण? जानेवारीपासून प्रत्येक पत्र मी फोडलंय, वाचलंय आणि टेबलावर ठेवलंय. बारक्याला वाटतं बायकोनं फोडलं, बायकोला वाटतं बारक्यानं. आणि त्याची स्वतःची पत्रं तो लिहून तिथेच विसरतो, दोन-दोन दिवस पडलेली असतात. विसराळू म्हणे मी!

तुम्हा दोघांचं भांडण वाचून माझं डोकं भणाणलंय. नेतेस का, ठेवतोस का, पाठव, पाठवत नाही. मी काय कपाट आहे? घरातून घरात हलवायचं, कोपरे घासले जाऊ नयेत म्हणून काळजी घ्यायची! तुमच्यापैकी एकानं तरी मला येऊन विचारलं का, बाबा, तुम्हाला कुठे राहायचंय? वाढदिवस माझा होता आणि फोटो काढलात कासवाचा. मी केक का खाल्ला नाही ते आता सांगतो. ते बिचारं मान आत ओढून, घट्ट मिटून बसलं होतं आणि तू 'बाबा, बघा किती छान दिसतोय' म्हणत होतास. त्याला कसं वाटतंय हे तुला बघायचंच नव्हतं. मला वाटलं, माझंही असंच करशील एक दिवस.

बारक्या, गॅस मी विसरलो. घर जळालं असतं, तुझी भीती खोटी नाही. पण मी तीस वर्षं अडकलेल्या माणसांना बाहेर काढलंय. दोन मजल्यांच्या मध्ये, अंधारात, लहान पोरांसकट अडकलेली. त्यांना आधी काय द्यायचं असतं माहीत आहे? आवाज. दाराला तोंड लावून सांगायचं, मी इथेच आहे, घाबरू नका, काढतो तुम्हाला. मग अवजारं. तू रोज कुलूप लावतोस आणि एक शब्द न बोलता जातोस. मी आतून तुझी पावलं ऐकतो. 'येतो बाबा' म्हणायला काय होतं रे तुला?

आणि तू, पोरी. पलंग घेतला होतास, रंग दिला होतास, हे मला आज कळतंय. फोनवर तू काय म्हणालीस ते तू लिहिलं नाहीस, तर मी लिहितो. सातला चहा, आठला आंघोळ, नऊला तुझ्याबरोबर दुकानात यायचं आणि बाकावर बसायचं. तुमची आई जाऊन महिना झाला नव्हता आणि तू मला वेळापत्रक वाचून दाखवत होतीस! तुला बाप हवा होता की बाकावर ठेवायला सामान? म्हणून रागानं म्हटलं, मला मुलगा आहे. परत तसंच बोलावशील तर परत तेच म्हणेन.

पण या वेळी तू मला बोलावलंच नाहीस. इन्स्पेक्टरला बोलावलंस. खोली त्याची, ऊन त्याचं, हे तुझ्याच अक्षरात आहे. त्याला दिवसभर कुणीतरी जवळ लागतं हेही तूच लिहिलं आहेस. ते कुणीतरी मी. पाठीवरचं पॉलिश अजून थोडं उरलंय, ते माझ्याशिवाय कुणाला काढू देत नाही तो. तेव्हा मी कुणाच्या गळ्यात पडायला येत नाही, मी त्याच्या कामावर येतोय. तुझ्या इमारतीत लिफ्ट नाही हे उत्तम, ऐकायला काही नसेल. गॅसला मी हात लावणार नाही. मला घराची किल्ली लागेल, आणि आंघोळ मला वाटेल तेव्हा.

पळून जाणार नाही. रविवारी, बारक्याच्या डोळ्यांदेखत निघेन. पिशवी तो उचलेल, इन्स्पेक्टर माझ्या मांडीवर. एसटी स्टँडवर तू स्वतः ये. माणूस पाठवू नकोस.

बाबा

२४ जून

ताई,

तुझं चाललंय काय तिकडे? बाबांना किल्ली दिलीस ती दिलीस, वर त्यांना एकट्याला गवत आणायला खाली सोडतेस? फोन केला की तू म्हणतेस, आत्ताच बाहेर पडले. परवा म्हणे तुझ्या दुकानासमोरच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली तर हे तिथे जाऊन लोकांना हुकूम सोडत होते. आणि तू हसतेस! मी त्यांना इतकं जपलं ते याचसाठी का? एकदा तरी विचारतात का, बारक्या कसा आहे?

इथलं सांगायचं तर काल मी घाईत निघालो आणि सवयीनं बाहेरून कुलूप लावलं. ही आत होती. मी जिन्याचं एक वळण उतरलो असेन, तर हिनं दार असं बडवलं, अशा शिव्या घातल्या की वरखालचे सगळे बाहेर आले. धावत जाऊन उघडलं, माफी मागितली. ती माझ्या अंगावर ओरडत होती आणि मला तिचं ऐकूच येत नव्हतं. बाबांनी एकदाही दार वाजवलं नव्हतं गं. इतक्या महिन्यांत एकदाही नाही. मी वर्कशॉपला गेलोच नाही, तिथेच पायरीवर बसून राहिलो. ही आतून पाणी घेऊन आली आणि शेजारी बसली.

म्हणून मी या रविवारी येतोय. कसला वाद घालायला नाही, त्यांना परत आणायलाही नाही. खोली त्या दोघांची आहे हे मला माहीत आहे. मी बाहेर पॅसेजमध्ये गादी टाकून झोपेन, सोमवारी सकाळच्या गाडीनं परत.

पण बाबांना आधी विचार, चालेल का.

बारक्या